रोमानियन ओ पेअर घरी: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

आम्ही जर्मनीत श्टुटगार्टला राहतो. मुलं तीन आणि सहा वर्षांची. सप्टेंबर 2023 ते जून 2024 या काळात रोमानियाच्या ईशान्येकडल्या याश शहराजवळच्या खेड्यातली एक मुलगी आमच्याकडे ओ पेअर म्हणून, म्हणजे घरात राहून मुलं सांभाळणारी आणि भाषा शिकणारी परदेशी तरुणी म्हणून, राहिली. नियम समजायला सोपे आहेत. रोमानिया 2007 पासून युरोपियन युनियनमध्ये असल्यामुळे व्हिसाची कटकट नाही. आठवड्याला जास्तीत जास्त 30 तास काम, महिन्याला 280 युरो पॉकेटमनी, वर भाषेच्या क्लाससाठी 70 युरो. तिच्या घरचं पंचांग मात्र आम्ही विचारलं नाही आणि चूक नेमकी तिथेच झाली.

मार्चच्या मध्यापासून तिचं जेवण बदललं. दही नको, पनीर नको, अंडं नको, पोळीला तूपही नको. मला वाटलं, माझ्या हातच्या जेवणाला कंटाळली. दोन आठवडे मी मनात कुढत राहिले. शेवटी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पोस्त आहे." पोस्त म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचा ईस्टरच्या आधीचा उपास. जवळजवळ सात आठवडे मांस, अंडी, दूधदुभतं बंद. सगळेच काही तो पूर्ण पाळत नाहीत, पण तिला आजीने वाढवलेलं आणि आजीचं व्रत तिने इथेही सोडलं नव्हतं. तिची आई इटलीत म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. त्या भागातली किती तरी मुलं अशी आजी-आजोबांपाशी वाढली आहेत. लहान मुलांना भरवताना, झोपवताना तिचा हात इतका सराईत का होता, ते मला तेव्हा कळलं.

आपल्याला उपास समजावून सांगावा लागत नाही, हे किती सोयीचं! कांदा, लसूण, डाळी, भात, भाकरी हे सगळं तिला चालत होतं. तेलावर परतलेली, भरपूर दाण्याच्या कुटाची साबुदाण्याची खिचडी तर तिने तीनदा मागून खाल्ली.

पण सुट्टीचा घोळ आधीच झाला होता. जर्मनीतला ईस्टर त्या वर्षी 31 मार्चला होता. आम्ही तिला तेव्हा सुट्टी दिली आणि 4 व 5 मेला घरी पाहुणे बोलावले. ऑर्थोडॉक्स लोकांचं पंचांग वेगळं, त्यांचा ईस्टर नेमका 5 मेला. ती एका शब्दानेही काही बोलली नाही. एप्रिलअखेरीस फोनवर आजीशी बोलताना तिला रडताना पाहिलं, तेव्हा आम्ही पाहुण्यांना पुढची तारीख दिली. तोवर गावी जायची तिकिटं परवडण्यापलीकडे गेली होती. याची मला अजून खंत आहे.

शनिवारी मध्यरात्री ती इथल्या रोमानियन चर्चमध्ये गेली आणि तिथे पेटवलेली मेणबत्ती काचेच्या बरणीत जपत ट्रॅमने घरी घेऊन आली. सकाळी लाल रंगाची उकडलेली अंडी टेबलावर मांडली. एकाने "ह्रिस्तोस अ इन्वियात" म्हणत आपलं अंडं दुसऱ्याच्या अंड्यावर आपटायचं, दुसऱ्याने "अदेवारात अ इन्वियात" म्हणायचं. ख्रिस्त उठला, खरंच उठला. ज्याचं अंडं फुटत नाही तो जिंकला. आमच्या धाकट्याने न फुटलेलं अंडं दिवसभर हातातून सोडलं नाही.

बाकी बारीकसारीक. तिच्या वाढदिवसाला मी सहा ट्युलिप आणले, तर तिने एक हळूच काढून माझ्या हातात दिलं. त्यांच्याकडे सम संख्येतली फुलं मयताला नेतात. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडून हवा खेळवायची जर्मन सवय तिला सोसत नसे. मुलांना वारं लागेल म्हणून ती लगेच त्यांना टोप्या घालायची, अगदी माझ्या आईसारखी. 1 मार्चला तिने मुलांच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला. त्याला मार्त्सिशोर म्हणतात.

भारतातून आलेल्या नातेवाइकांनी तिला "तू रोमा का?" असं विचारलं, तेव्हा मला फार अवघडल्यासारखं झालं. रोमा हा वेगळा समाज. त्यांची रोमानी भाषा आपल्या भाषांच्या कुळातली, त्यात माणसाला 'मानुष' म्हणतात. रोमानियन भाषा मात्र इटालियनसारखी लॅटिनमधून आलेली. रोमानियात रोमा लोकही राहतात, पण तो प्रश्न पाहुणीला पहिल्याच भेटीत विचारायचा नसतो. ड्रॅक्युलाचाही नको.

आणि जेवण एकाच टेबलावर, एकाच वेळी. आपल्याकडे घरकामाला बाई असण्याची सवय असते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात मी नकळत तिला मुलांबरोबर आधी वाढत होते. नवऱ्याने ते लक्षात आणून दिलं. ओ पेअर या फ्रेंच शब्दांचा अर्थच बरोबरीने.

सप्टेंबरमध्ये येणारी मुलगीही रोमानियाचीच, क्लुजची. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर मी विचारलं, तुझा ईस्टर कधी असतो, पोस्त करतेस का? ती म्हणाली, आम्ही रोमानियातले हंगेरियन, घरी हंगेरियन बोलतो, कॅथलिक आहोत, आमचा ईस्टर तुमच्या जर्मन कॅलेंडरमधलाच. मी वहीत नवीन पान काढलं आणि तिला पुढचे सण विचारायला लागले.