दाणेदार एअरब्रश: डिझॉल्व्ह की नॉइजचा थर?

जुन्या पोस्टरच्या धर्तीवर सांगलीच्या आयर्विन पुलाचं चित्र करतेय. 1929 मध्ये खुला झालेला हा पूल. त्याच्या कमानींखालची कृष्णेवरची सावली गुळगुळीत ग्रेडियंटनं भरली की प्लास्टिकसारखी दिसते. म्हणून एअरब्रशसारखा, म्हणजे रंग फवारणाऱ्या साधनासारखा दाणा आणायला फोटोशॉपमध्ये दोन पद्धती करून पाहिल्या.

एक, थराचा मोड (खालच्या थरात मिसळायची रीत) डिझॉल्व्ह ठेवून त्यावर मऊ ब्रश. दुसरी, नेहमीसारखं रंगवून वर 50 टक्के करड्या रंगाचा थर, त्यात मोनोक्रोमॅटिक नॉइज (फिकट-गडद करडे बारीक ठिपके) आणि मोड ओव्हरले, म्हणजे करडा रंग दिसत नाही, फक्त ठिपके उमटतात.

नॉइजचा थर सोयीचा, हे मान्य. नको तर बंद करा, जास्त झाला तर अपॅसिटी (अपारदर्शकता) उतरवा. पण दाणा सगळीकडे सारखाच पसरतो, आणि पांढऱ्याशुभ्र किंवा काळ्याकुट्ट भागात ओव्हरलेमुळे दिसतच नाही. फोटोच्या फिल्मचा भास होतो, फवाऱ्याचा नाही.

खऱ्या एअरब्रशचा दाणा कडेला उठून दिसतो, जिथे फवारा विरळ होत जातो. डिझॉल्व्ह नेमकं हेच करतं. अपॅसिटी उतरेल तसे ठिपके विरळ, पण प्रत्येक ठिपका भरघोस रंगाचा. कमानीच्या पोटातून पाण्याकडे येताना हळदीची पूड सांडावी तशी कड सुटते. सांगलीकराला आणखी काय सांगायचं! मला हीच पद्धत आवडते.

अडचण एकच: ठिपका एका पिक्सेलचा, त्यामुळे 300 डीपीआयच्या (इंचाला 300 पिक्सेल) छपाईत जेमतेम दिसतो. मी अर्ध्या आकारात रंगवते, थर एकत्र करते आणि निअरेस्ट नेबरनं (पिक्सेलच्या कडा पुसट न करता मोठं करायची पद्धत) 200 टक्के मोठं करते. रेषाकाम त्यानंतरच, वेगळ्या थरावर.