एसईएमचं टंगस्टन फिलामेंट: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यावर

छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या लॅबमध्ये जालन्याकडचा कापूस, परभणीची काळी माती, बेसॉल्ट असं काहीही सॅम्पल येतं आणि एसईएम (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) दिवसभर चालू असतो. उन्हाळ्यापासून त्यात नव्या खोक्यातली टंगस्टन फिलामेंट, म्हणजे तापून इलेक्ट्रॉन सोडणारी तार, लावतोय. माल चांगला आहे. एक-दोन टोकं सेंटरला नव्हती, ती बदलून मिळाली. बाकी ते किती दिवस टिकेल हे चालवणाऱ्याच्या हातात आहे.

सॅच्युरेशन आलं, म्हणजे तार आणखी तापवूनही इलेक्ट्रॉनचा बीम वाढेनासा झाला, की तापवायचा नॉब सोडा. इमेज अंधारी दिसली की पीएचडीची पोरं आधी तिथंच हात घालतात. टंगस्टनमधून इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, अख्खा अणू उडायला जवळपास दुप्पट. त्यामुळे तापमान २७०० केल्व्हिनवरून २८०० वर नेलं, तर उत्सर्जन साधारण दुप्पट होतं आणि बाष्पीभवन चौपटीच्या घरात जातं. वर सॅच्युरेशननंतर बीम किती हे बायस (तारेभोवतीच्या वेनेल्ट कॅपवरचा ऋण व्होल्टेज) ठरवतो. म्हणजे ते जादा इलेक्ट्रॉनही पदरात पडत नाहीत, तार तेवढी झिजते.

पावसाळ्यात खरा त्रास काळ्या मातीनं दिला. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज थराथरांत पाणी धरून बसतं. माती नीट वाळवली नाही, तर व्हॅक्यूम लवकर येतच नाही. वाफ तापलेल्या तारेवर फुटते, टंगस्टनचं ऑक्साइड उडून गार भागावर बसतं, तिथं हायड्रोजन त्यातला ऑक्सिजन काढून घेतो आणि पुन्हा पाणी तयार. थोडंसं पाणी असं फिरून फिरून तार खात राहतं. वेनेल्ट कॅपच्या भोकाभोवती निळसर थर लवकर दिसला, तेव्हापासून माती रात्रभर ओव्हनमध्ये ठेवल्याशिवाय आत जात नाही.

गेलेलं फिलामेंट फेकण्याआधी साध्या मायक्रोस्कोपखाली धरा. तार निमुळती होत तुटली असेल, तर ते आपलं आयुष्य पुरं करून गेलंय. एक जागा बारीक होते, तिथला रोध वाढतो, ती जास्त तापते आणि आणखी झिजते. तुटल्या टोकांना वितळलेल्या गोळ्या दिसल्या, तर करंट जास्त दिला गेला.

टंगस्टनऐवजी लँथनम हेक्साबोराइड (तसाच इलेक्ट्रॉन सोडणारा स्फटिक) घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. ते १८०० केल्व्हिनच्या आसपासच काम करतं, बीम दहापट तेजस्वी आणि टिकतंही कितीतरी जास्त. पण त्याला व्हॅक्यूम शंभरपट चांगला लागतो, आणि तापवणं-थंड करणं सावकाश झालं नाही तर स्फटिकाला तडा जातो. मातीची सॅम्पल आणि मधेच जाणारी लाईट बघता आम्ही पुढची ऑर्डर टंगस्टनचीच दिली आहे.