सरकारी दवाखान्यातली छातीच्या गाठीची तपासणी, निपाणी भाग : ३ स्टार, का ते वाचा

आधीच सांगते, बायकांच्या छातीच्या (स्तनाच्या) कॅन्सरची ही तपासणी फुकट आहे, दुखत नाही आणि तपासणारी बाईच असते. एवढ्यावर ज्यांचं समाधान होतंय त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल, फक्त जाऊन या. दोन स्टार कापलेत ते तपासणीचे नाहीत, नंतर हातात जी चिठ्ठी देतात तिचे आहेत. केंद्राचं नाव मुद्दाम घालत नाही, सिस्टर चांगल्या आहेत, उगाच वरनं त्यांनाच फोन यायचा.

सुरुवात होते आशाबाईपासून, म्हणजे गावातली आशा सेविका. घरोघरी येऊन फॉर्म भरतात, तिशीच्या वरच्या सगळ्यांचा, बाप्यांचा पण. निपाणी कर्नाटकात, म्हणून फॉर्म कन्नडमधला, पण आमची आशाबाई वाचून मराठीत विचारते. वय, कमरेचा घेर टेप लावून (बाईचा ८० सेंटीमीटरच्या वर गेला की मार्क वाढतात, आणि इथं मार्क वाढणं चांगलं नव्हे), घरात कुणाला शुगर-बीपी, चूल का गॅस, आणि मग छातीत गाठ लागते का, आकार बदललाय का, बोंडातनं रक्त येतं का. ४ च्या वर मार्क गेले की आधी बोलावतात. तंबाखूचा प्रश्न आला तेव्हा आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "खात न्हाई गं, पण दिवसभर सूप मांडीवर घेऊन तंबाखूतच बसतो की, ते कुठं लिहितीस?" आशाबाई हसली आणि "नाही" वर टिक करून पुढं गेली. आता निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईला तंबाखू विचारायचं म्हणजे जाऊदे.

खोली म्हणजे औषधाचे खोके ठेवायची जागा. पडदा आहे, पण दाराला आतनं कडी नाही म्हणून सिस्टरनी स्टूल सरकवून दार बंद केलं. आधी बसवून, हात वर करायला लावून नुसतं बघितलं, दोन्ही बाजू सारख्या आहेत का, कातडी कुठं आत ओढलीय का. मग आडवं झोपवून हात डोक्याखाली, आणि मधल्या तीन बोटांच्या पेरांनी छोटे छोटे गोल, आधी हलकं, मग जरा दाबून, मग पार बरगडीला लागेपर्यंत, गळ्याच्या हाडापासून खाली आणि शेवटी काख, एक जागा सोडली नाही. माझं झालं. जाऊबाईंच्या काखेजवळ बोटं थांबली, परत मागं गेली, परत आली. दुखतंय का विचारलं, त्या न्हाई म्हणाल्या. सिस्टर म्हणाल्या, "अक्का, न दुखणारीच आधी दाखवायची असते, दुखायची वाट बघत बसू नका." हे वाक्य भिंतीवरच्या सगळ्या पोस्टरपेक्षा भारी.

मशीन नाही, नुसत्या हातानं काय कळतंय म्हणून नाक मुरडणारे पण भेटले, त्यात एक डिप्लोमावाला भाचा पण आहे. त्यांच्यासाठी : टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये दीड लाख बायकांवर हाच अभ्यास केला, डॉक्टर नव्हे तर शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविका हातानंच तपासायच्या. २० वर्षांचा हिशोब २०२१ ला छापून आला, पन्नाशीच्या वरच्या बायकांत या कॅन्सरनं मरण्याचं प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झालेलं. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही हे पण खरं. पण तिथं दर दोन वर्षांनी तपासत होते आणि आपल्या सरकारी नियमात पाच वर्षांतनं एकदा, ही माझी वेगळी तक्रार. पाच वर्षांत गाठ काय आपली वाट बघत बसते होय? आणि ती पाच वर्षांची पण होते कुठं, २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांत अशी तपासणी कधीतरी झालीय असं सांगणाऱ्या शंभरात एक पण भरत नव्हत्या.

आता चिठ्ठी. जाऊबाईंना सोनोग्राफी करून घ्या म्हणून पुढं पाठवलं. त्या मोठ्या दवाखान्यात सर्जन कुठल्या वारी बसतात, सोनोग्राफीचा नंबर किती वाजेपर्यंत लावतात, चिठ्ठीवर एक अक्षर नाही. पहाटेची बस धरून गेलो तर काऊंटरवर म्हणाले आज सोनोग्राफीचे डॉक्टर नाहीत, पुढच्या आठवड्यात या. विडीवालीचा एक दिवस बुडाला म्हणजे त्या दिवसाच्या विड्या बुडाल्या, मजुरी हजार विड्यांमागं मिळते, रजा-बिजा काय नसते. शेवटी झाली सोनोग्राफी, गाठ साधी निघाली (बहुतेक गाठी साध्याच असतात), पण मधल्या काळात त्या दोनदा म्हणाल्या, ऱ्हाऊदे आता, दुखत न्हाई तर कशाला. माझ्या मते बायका इथंच गळतात, तपासायच्या खोलीत नव्हे.

आणि आपलं सीमाभागाचं दुखणं वेगळंच. कोल्हापूर इथनं चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. पण शक्ती योजनेचं (कर्नाटकात बायकांना एसटी फुकट) झिरो तिकीट राज्याच्या आतच चालतं, म्हणजे लांबच्या दवाखान्याला जायला फुकट आणि जवळच्याला पैसे. २०२३ ला महाराष्ट्रानं आपल्या सीमाभागातल्या, तो हक्क सांगतो त्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना द्यायचं ठरवलं, कर्नाटक सरकार भडकलं, दोन्हीकडच्या पुढाऱ्यांची भाषणं झाली. ती योजना ॲडमिट होऊन उपचार घ्यायची, गाठ शोधायची नव्हेच. ती शोधते इथली सिस्टर, आणि तिला धड कडी लावता येईल अशी खोली द्यायला दोन्हीकडनं कोण भांडत नाही.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. चिठ्ठी हरवू नका, लगेच झेरॉक्स काढून ठेवा, कारण पुढं खरंच काय निघालं तर बीपीएल कार्डवर आयुष्मान-आरोग्य कर्नाटकमधनं वर्षाला कुटुंबामागं ५ लाखापर्यंत उपचार होतो, पण मोठ्या उपचाराला खासगीत जायचं झालं तर सरकारी दवाखान्यानं पाठवल्याचा कागद मागतात. आधार मूळ न्या, बसमध्ये पण लागतं. पुढून हुक असलेला ब्लाऊज घालून जा, ड्रेस नको. आणि लसीकरणाच्या दिवशी तर अजिबात जाऊ नका, त्या एकाच खोलीत पोरांच्या सुया चालू असतात, सिस्टर तुम्हाला परतच पाठवणार.