साग लावावा की महोगनी? किडींच्या अंगाने तुलना

सागाची मुख्य कीड पाने खाते, महोगनीची शेंडा पोखरते. बेळगाव-खानापूर भागात रानात झाडे लावू पाहणाऱ्याने बाजारभावाइतकाच हा फरकही विचारात घ्यावा.

वळवाच्या सरींनंतर सागाला कोवळी पालवी फुटते आणि नेमक्या त्याच सुमारास हिब्लिया प्युएरा या पतंगाच्या अळ्या झुंडीने येतात. शिरा तेवढ्या शिल्लक ठेवून त्या काही दिवसांत झाड ओकेबोके करतात. झाड सहसा मरत नाही, पुन्हा पालवते. परंतु जे अन्न बुंध्याचा घेर वाढवण्यास लागायचे, ते नव्या पानांवर खर्च होते. केरळ वन संशोधन संस्थेने निलंबूरच्या तरुण लागवडींत केलेल्या आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या अळीमुळे घनफळाच्या संभाव्य वाढीपैकी सुमारे ४४ टक्के वाढ बुडाल्याचे आढळले. निलंबूरला पाऊस भरपूर आणि सागवने सलग, म्हणून हा आकडा अथणीच्या कोरड्या माळाला जसाच्या तसा लावू नये. पावसाळा सरताना पानांची जाळी करणारी दुसरी अळी दिसते. तोवर वाढीचा हंगाम उलटलेला असल्याने तिच्यासाठी फवारणीचा खर्च मला अनाठायी वाटतो.

महोगनीवर हिप्सिपायला रोबस्टाची अळी कोवळ्या शेंड्यात शिरते. शेंडा वाळतो, खालून दोन-तीन फुटवे निघतात आणि खोड दुबेळके होते. झाड उंच होईलही, पण सरळ लाकडाची जी लांबी पुढे दर ठरवणार, तीच आखूड राहते. अळी आत असल्याने वरची फवारणी तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. किडका भाग कापून एकच जोमदार फुटवा राखणे, हे काम पहिली काही वर्षे वारंवार करावे लागते. उघड्या रानातील सलग लागवडीपेक्षा विरळ सावलीत, इतर झाडांत मिसळून लावलेल्या महोगनीला हा उपद्रव कमी होतो.

त्यामुळे नोकरीसाठी पुण्या-गोव्यात राहून सणासुदीलाच गावी येणाऱ्याने साग निवडावा. पाने गेल्याने वाढ लांबते, खोड मात्र सरळ राहू शकते. महोगनी रोज रानात फिरणाऱ्यानेच, तीही बांधावर मोजकी लावावी.

चिकोडी-निपाणीकडे ऊस मोडून साग लावणाऱ्यांनी आधी जमिनीत हुमणी आहे का ते पाहावे, कारण ती सागाच्या रोपांची मुळेही खाते. खोल नांगरट करून वर आलेल्या अळ्या वेचल्यानंतरच खड्डे काढावेत.