अमाल्फी किनाऱ्याची खासगी सहल घेताय? आधी दोन परवाने मागा

नेपल्स किंवा सोरेंतोहून अमाल्फी किनाऱ्याची 'गाइडसह खासगी सहल' घेणार असाल, तर पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लेखी मागून घ्या. येणाऱ्या गाडीला एनसीसी, म्हणजे चालकासह भाड्याने गाडी चालवण्याचा, परवाना आहे का, असल्यास कुठल्या नगरपालिकेचा? आणि गाइडचा परवाना कोणाच्या नावावर आहे? इटलीत हे दोन वेगळे व्यवसाय आहेत आणि दोन वेगळे परवाने. चालकासह भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाडीला नगरपालिका परवाना देते, त्यासाठी 1992 सालचा 21 क्रमांकाचा कायदा आहे. अशा गाडीवर एनसीसी ही अक्षरं आणि नगरपालिकेचं नाव असलेली खूण लावावी लागते. गाइडला परीक्षा देऊन ओळखपत्र मिळवावं लागतं. आम्हाला 520 युरोंत दोन्ही कबूल केलं होतं. प्रत्यक्षात दोन्हींपैकी काहीच आलं नाही.

माझा धाकटा भाऊ जर्मनीत नोकरी करतो. आई आणि मावशीला घेऊन मी ऑगस्टमध्ये त्याच्याकडे गेले होते, तिथून आम्ही चौघं नेपल्सला गेलो. दोघी सत्तरीच्या पुढच्या, मावशीचे गुडघे दुखतात, म्हणून बसच्या रांगा नकोत, दारातून गाडी हवी, असं ठरलं. भावाने वेबसाइट शोधली. अभिप्राय चांगले होते, उत्तरं चटकन यायची, आणि दरही फार स्वस्त नव्हता. त्यामुळे संशयाला जागाच नव्हती. लेखी कार्यक्रम असा होता: सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, पोझितानो, अमाल्फी आणि राव्हेल्लो, इंग्रजी बोलणारा स्थानिक गाइड, राव्हेल्लोच्या विला रुफोलो या जुन्या बागवाड्याचं तिकीट धरून. 208 युरो आगाऊ कार्डाने, उरलेले 312 सहल संपल्यावर. भावाने मुद्दाम विचारलं होतं, "गाइड आणि ड्रायव्हर वेगवेगळे असतील ना?" उत्तर आलं, "आमचा ड्रायव्हर हाच अनुभवी गाइड आहे." हे उत्तर कुणाकडून आलं तर तिथेच थांबा आणि परवान्याचा क्रमांक मागा.

सकाळी आलेली गाडी फोटोतली नव्हती. चालकाला 'गुड मॉर्निंग', 'फोटो', 'शॉपिंग', 'नो प्रॉब्लेम' एवढं इंग्रजी येत होतं. भाऊ थोडीफार इटालियन बोलतो, म्हणून काम चाललं.

पहिला थांबा कार्यक्रमात नव्हताच. महामार्ग सोडून त्याने आम्हाला तोर्रे देल ग्रेकोच्या बाजूला एका मोठ्या दुकानात नेलं, "दहा मिनिटं, फुकट बघायचं" म्हणून. तोर्रे देल ग्रेको हे पोवळ्याचं खरंखुरं गाव आहे. व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी बसून तिथले कारागीर पिढ्यानपिढ्या पोवळं आणि शिंपल्यावरचं कोरीवकाम करत आले आहेत, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण हे दुकान पर्यटकांच्या गाड्या थांबवण्यासाठी बांधलेलं होतं. आत शिरताच विक्रेत्याने मावशीकडे बघून "मूंगा, मूंगा, ओरिजिनल" सुरू केलं. भारतीय बायका पोवळं शोधतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नातवाच्या पत्रिकेत मंगळ आहे, त्यामुळे मावशीच्या मनात पोवळं होतंच. सव्वा तास गेला. 380 युरोंची माळ घेतली गेली. मावशीचं भारतीय कार्ड लावल्यावर मशीनने युरो की रुपये असं विचारलं, तर विक्रेत्याने स्वतःच रुपयांचं बटण दाबलं. परदेशात कार्ड वापरताना रुपयांचा पर्याय कधीच घेऊ नका, त्यात दुकानदाराच्या मशीनचा दर लागतो आणि तो बँकेच्या दरापेक्षा बराच महाग पडतो. मशीन आपल्या हातात घ्या आणि बटण आपणच दाबा.

पुण्यात आल्यावर माळ रत्नपरीक्षेसाठी दिली. रंगवलेलं बांबू कोरल निघालं, भूमध्य समुद्रातलं लाल पोवळं नव्हे. अॅसिटोन लावलेल्या कापसाला रंग लागला. दुकानाच्या पावतीवर इटालियनमध्ये फक्त 'माळ' लिहिलेलं होतं, पोवळ्याचा उल्लेखच नाही. त्यामुळे त्या पैशांसाठी दादही मागता येईना. तिकडे पोवळं घ्यायचंच असेल तर पावतीवर 'नैसर्गिक' हा शब्द आणि कोरालियम रुब्रम हे शास्त्रीय नाव लिहून घ्या. खरा माल विकणारा ते बिनदिक्कत लिहून देतो.

मला सगळ्यात जास्त कशाने त्रास होतो सांगू? पुढे आम्ही कास्तेल्लामारे दि स्ताबिया या गावाजवळून गेलो. हेच प्राचीन स्ताबिये, जिथे इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकाच्या वेळी रोमन लेखक थोरला प्लिनी मरण पावला. त्याच प्लिनीने लिहून ठेवलंय की रोमन बायकांना भारतातल्या मोत्यांचं जेवढं वेड, तेवढंच भारतीयांना पोवळ्याचं. मावशीच्या पर्समध्ये नुकतीच घेतलेली माळ होती आणि गाडी प्लिनीच्या मृत्यूच्या गावाजवळून जात होती. खरा गाइड असता तर हे त्याने तिथेच सांगितलं असतं. आई इतिहासाची शिक्षिका होती, ती ऐकण्यासाठीच आली होती. तिने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नावर चालकाचं उत्तर एकच: "येस, येस, वेरी ओल्ड."

सोरेंतोच्या अलीकडे मेता गावापाशी एसएस 163 हा किनाऱ्याचा प्रसिद्ध रस्ता सुरू होतो. डोंगराच्या कडेला कोरलेला, इतका अरुंद की दोन बस समोरासमोर आल्या की सगळं ठप्प. पोझितानो दिसू लागलं तिथे एका वळणावर त्याने फोटोसाठी गाडी थांबवली. समुद्रापासून वर चढत गेलेली रंगीत घरं, खाली सांता मारिया अस्सुंता चर्चचा रंगीत फरशांचा घुमट. 15 ऑगस्टला तिथे याच चर्चचा मोठा उत्सव असतो, इटलीभर सुटी असते. त्यामुळे त्या आठवड्यात गर्दी विलक्षण. फोटो झाले, थोडं पुढे गेलो आणि पोलिसांनी गाडी अडवली. दोन मिनिटं बोलणं झालं आणि चालकाने गाडी उलटी फिरवली. आम्हाला म्हणाला, "अॅक्सिडेंट. रोड क्लोज्ड."

पण समोरून आणि मागून काळ्या व्हॅन जात होत्याच. भाऊ म्हणाला, "ताई, काहीतरी वेगळंच आहे." गाडी कडेला लागल्यावर मी उतरले आणि त्या पोलीस बाईंनाच जाऊन विचारलं. त्यांनी साध्या इंग्रजीत समजावलं. गर्दीच्या काळात या रस्त्यावर पोझितानो ते व्हिएत्री सुल मारे या टप्प्यात सकाळी दहा ते संध्याकाळी सहा सम-विषम नंबरप्लेटचा नियम असतो. गेल्या काही उन्हाळ्यांपासून ऑगस्टमध्ये तो रोज लागतो आणि त्याच्या मागेपुढे शनिवार-रविवारी. आमच्या गाडीचा शेवटचा आकडा त्या तारखेला चालणारा नव्हता. मी विचारलं, मग या बाकीच्या व्हॅन कशा जातात? त्यांनी एका व्हॅनच्या मागच्या खुणेकडे बोट दाखवलं: एनसीसी. परवानाधारक भाड्याच्या गाड्या, टॅक्सी आणि बस यांना हा नियम लागू नाही. आमची गाडी कुणाची तरी घरगुती गाडी होती. पाहुणे म्हणून भाड्याने बसलेल्या आम्हा चौघांना अपघात झाला असता, तर विम्याचं काय झालं असतं याचा विचार केला की आजही पोटात गोळा येतो.

चालकाने यावर वाद घातला नाही. "सहा वाजता बंदी उठते, तोवर जेवून घ्या, मग अमाल्फी दाखवतो," म्हणाला. पाचनंतर थांबायचे ताशी 60 युरो वेगळे. म्हणजे त्याच्या गाडीला परवाना नाही म्हणून वाया गेलेल्या वेळेचं जादा भाडं आम्ही द्यायचं! भावाने स्पष्ट नकार दिला. मग त्याने आम्हाला वर डोंगरात एका रेस्तराँमध्ये नेलं, कारण परत निघायच्या आत तिथे हजेरी लावणं त्याला भाग होतं. मालक त्याला दारातच भेटला. आई, मावशी आणि मी लिंबाचा पास्ता घेतला, तो मात्र उत्तम होता. भावाला वेटरने ताटातून ताजा मासा दाखवला, तोंडी किंमत सांगितली नाही. बिलात त्या एका माशाचे 104 युरो. मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात दर होता: 100 ग्रॅमला 8 युरो. मासा निघाला 1 किलो 300 ग्रॅमचा. तिकडे मासा 100 ग्रॅमच्या दरानेच विकतात, त्यात बेकायदा काही नाही. म्हणूनच शिजवण्याआधी आपल्यासमोर वजन करायला सांगायचं आणि एकूण किंमत वदवून घ्यायची. माणशी लागणारा 'कोपेर्तो', म्हणजे टेबलाचा ठरावीक आकार, मात्र सगळीकडे असतो, त्यावर वाद घालू नका.

परतताना त्याने हॉटेलऐवजी नेपल्सच्या स्टेशनसमोर गाडी थांबवली आणि 312 युरो रोख मागितले. भाऊ म्हणाला, कार्ड घ्या आणि पावती द्या. मशीन बिघडलंय म्हणाला. इटलीत व्यावसायिकाला कार्ड नाकारता येत नाही, 2022 पासून त्यासाठी दंडही आहे. त्याचा आवाज चढला, मावशी घाबरून आईचा हात धरून बसली. भावाने फोन काढून 117 दाबतो म्हटलं. हा ग्वार्दिया दि फिनान्झाचा क्रमांक, करचुकवेगिरी आणि पावत्यांची तपासणी करणारं पोलीस दल. तेव्हा तो एकदम खाली बसल्यासारखा झाला आणि खरं बोलायला लागला. तो त्या कंपनीचा नव्हताच. आदल्या रात्री एका ओळखीच्याने त्याला हे काम दिलं होतं, त्या ओळखीच्याला आणखी कुणीतरी. 520 पैकी त्याच्या वाट्याला 120 येणार होते, बाकी दुकान आणि रेस्तराँच्या कमिशनमधून काढायचे. वेबसाइटवाला माणूस त्याने कधी पाहिलाच नव्हता.

आई म्हणाली, "त्याच्या पेट्रोलचे आणि पोटाचे देऊन टाक, बाकी एक पैसा नको." 120 युरो दिले, त्याच्याकडून कागदावर सही घेतली आणि उतरलो. चालकाने आमच्याशी खोटं बोलून आमचा जीव धोक्यात घातला, त्याला मी निर्दोष म्हणणार नाही. पण आमची सहल विकून, ती दोनदा पुढे सरकवून, घरबसल्या पैसे खाणारा माणूस याहून मोठा चोर आहे.

आगाऊ दिलेले 208 युरो भावाने बँकेमार्फत परत मिळवले. 'सांगितलेली सेवा मिळाली नाही' या कारणाखाली कार्डाच्या बँकेकडे तक्रार करता येते, भारतीय कार्डांनाही ही सोय आहे. उपयोगी पडलं ते एवढंच: लेखी कार्यक्रम, चॅटचे स्क्रीनशॉट, नंबरप्लेटचा फोटो, पोलीस नाक्यावर वेळेसह काढलेला फोटो आणि चालकाच्या सहीचा कागद. फोनवरचं बोलणं पुराव्यात धरलं गेलं नाही. कुठलाही बदल फोनवर ठरला तरी लगेच मेसेज करून लेखी होकार घ्या.

अमाल्फी आम्ही पाहिलं, पण वेगळ्या वाटेने. नेपल्सहून ट्रेनने सालेर्नो, तिथून बोटीने अमाल्फी. उन्हाळ्यात बोटी नियमित असतात, रस्त्याच्या कोंडीशी त्यांचा संबंध नाही, आणि मावशीच्या गुडघ्यांना गाडीतल्या वळणांपेक्षा बोट बरी वाटली. अमाल्फीच्या कॅथेड्रलला 62 पायऱ्या आहेत, त्या तिने खालूनच पाहिल्या. आई मात्र वर जाऊन अकराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये ओतलेल्या ब्राँझच्या दारांसमोर मनसोक्त उभी राहिली. धक्क्याजवळच्या चौकातून राव्हेल्लोला साधी बस जाते. विला रुफोलोच्या दारात आम्ही परवानाधारक गाइड घेतली. गळ्यात ओळखपत्र, दर आधी सांगितलेला, नंतर पावती. जर्मन संगीतकार वाग्नर 1880 मध्ये याच बागेत आला आणि आपल्या ऑपेरातली जादूची बाग इथे सापडली म्हणाला, हे तिने झाडाखाली उभं राहून सांगितलं. आईचे प्रश्न संपेपर्यंत ती थांबली.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण: ती वेबसाइट आमच्या तक्रारीनंतर बंद झाली होती, पण परवा भावाला तेच फोटो आणि 'समाधानी पाहुण्यां'ची तीच वाक्यं एका नव्या नावाखाली दिसली. आता ते फ्रान्समधली सहल विकताहेत: नीस, डोंगरावरचं एझ, सेंट-पॉल-द-व्हान्स आणि मोनॅको, एका दिवसात, 'ड्रायव्हर हाच अनुभवी गाइड'. तिथे चालकासह भाड्याच्या गाडीला व्हीटीसी म्हणतात आणि काचेवर तिचं अधिकृत स्टिकर लागतं. संग्रहालयं आणि ऐतिहासिक वास्तूंत माहिती सांगणाऱ्या गाइडकडे 'गीद-काँफेरांसिए'चं व्यावसायिक कार्ड असतं. दिवाळीत किंवा पुढच्या उन्हाळ्यात तिकडे जाणारं कुणी ओळखीचं असेल, तर आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी त्यांना या दोन्हींचे फोटो मागायला सांगा.