वर्षाचे गहू की पिशवीतलं पीठ?

मार्च सरत आला की भुसार दुकानांच्या दारात नव्या गव्हाची पोती दिसू लागतात. त्याच सुमारास, नुकताच संसार मांडलेलं ओळखीचं कुणीतरी हमखास विचारतं, की वर्षाचे गहू भरावेत की सरळ पिशवीतलं तयार पीठ आणावं? आम्ही दोन्ही केलंय. काही वर्षं पिशवीवर काढली, आता गहू भरतो आणि गिरणीतून दळून आणतो. तिघांचं घर, पुण्यातला लहान फ्लॅट, आम्ही दोघंही नोकरीवर, लेक शाळेत. सकाळी तीन डबे पोळी-भाजीचे, रात्री बहुधा भाकरी. पुढचं सगळं या घराच्या हिशेबाने वाचावं. तुमचं घर मोठं असेल किंवा रोज बाहेर जेवणारं असेल, तर गणित थोडं हलेल.

पैशांत किती फरक पडतो, याचं उत्तर मी हात राखून देतो. साध्या गव्हाशी साधं पीठ लावलं तर फरक फार नाही. लोकवन या रोजच्या वापराच्या गव्हाचा भाव, दळणाचे पैसे, निवडताना निघणारे खडे आणि मातेरं, गिरणीत येणारी थोडी घट, हे सगळं धरलं की बेरीज मॉलमधल्या सवलतीच्या मोठ्या पिशवीच्या आसपासच जाते. कधी रुपया-दोन रुपये इकडे, कधी तिकडे. फरक दिसतो तो गहू वरच्या प्रतीचा घेतला की. शरबती गव्हाचं म्हणून विकलं जाणारं पीठ साध्या पिठापेक्षा बरंच चढ्या भावाने मिळतं. मध्य प्रदेशातल्या सिहोरचा चांगला शरबती गहू आणून दळला तर निदान आमच्याकडे तरी तो त्या पिठापेक्षा स्वस्तात पडतो. शिवाय दाणा डोळ्यांसमोर असतो.

भाव विचारायला जाताना हमीभाव डोक्यात ठेवावा. २०२५-२६ च्या रब्बी विक्री हंगामात गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता, २०२६-२७ साठी तो २,५८५ आहे. म्हणजे किलोला पंचवीस-सव्वीस रुपये. दुकानात येईपर्यंत त्यावर वाहतूक, हमाली आणि नफा चढणारच, आणि शरबती मुळातच महाग. पण साध्या गव्हाला कुणी फारच भाव सांगत असेल, तर ते लगेच लक्षात येतं. दुसरी गोष्ट कराची. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बंद, लेबल लावलेल्या धान्यावर आणि पिठावर पाच टक्के जीएसटी लागतो. सुट्या धान्यावर तो नाही आणि २५ किलोच्या वरच्या पोत्यावरही नाही. त्यामुळे गहू घेताना १० किलोच्या छापील पिशव्या घेण्यापेक्षा ३० किंवा ५० किलोचा कट्टा बरा.

‘भारत आटा’ हे केंद्र सरकारचं सवलतीचं पीठ या तुलनेत बसत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो किलोला २७ रुपये ५० पैशांनी सुरू झाला, नोव्हेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या टप्प्यात ३० रुपयांनी आला. निव्वळ भावात त्याच्यापुढे ना गिरणी टिकते ना मॉल. जवळपास विक्री सुरू असेल तेव्हा जरूर घ्यावा. पण अशी विक्री टप्प्याटप्प्याने होते, त्यामुळे वर्षाचं नियोजन त्यावर करता येत नाही.

आता आमचा निर्णय ज्यावर झाला ती कटकट.

पिशवीचं पीठ मोठ्या मापात स्वस्त असतं. दहा किलोची पिशवी किलोमागे सर्वांत परवडते, पाच किलोची थोडी महाग, किलोची आणखी महाग. सवलतीही मोठ्या पिशवीवरच. पण तिघांच्या घरात पोळीचं पीठ महिन्याला सहा-सात किलोच्या वर लागत नाही, म्हणजे दहा किलो दीड महिना पुरतात. त्यात पिशवीवरची तारीख बघितली तर पीठ घरी येण्याआधीच काही आठवडे जुनं झालेलं असतं. गव्हाच्या अंकुरात तेल असतं. दाणा आख्खा असतो तोवर ते आत बंद राहतं. दळलं की त्याला हवा लागते आणि चव उतरायला लागते. आधी पोळीचा वास कमी होतो, मग किंचित कडवट, खवट चव येते. पावसाळ्यात तर तळाचं पीठ हाताला गोळे गोळे लागतं आणि बोटाला जाळी चिकटते. ते चाळून वापरायचं की टाकायचं, यावर आमच्या घरी दर पावसाळ्यात चर्चा व्हायची.

हे पैशांत मांडून बघा. समजा दहा किलोची पिशवी साडेचारशेला आणली, म्हणजे किलोला पंचेचाळीस. शेवटचा एक किलो टाकावा लागला की उरलेल्या नऊ किलोंना पन्नासचा भाव पडला. मोठ्या पिशवीत वाचवलेले पैसे त्या एका किलोत गेले. मग छोटी पिशवी घ्यावी, तर सवलत सोडावी लागते. स्वस्त घ्यायचं तर शिळं खायचं, ताजं खायचं तर महाग घ्यायचं, असा पेच तयार पिठात कायम राहतो. मोठ्या कुटुंबाला हा पेच जाणवणारही नाही, कारण त्यांची पिशवी पंधरा दिवसांत संपते. पण तिघा-चौघांच्या घरांचं काय? पुण्या-मुंबईत आता बरीच घरं तेवढीच आहेत.

गव्हात हा पेच सुटतो. खरेदी मोठ्या मापात करायची आणि दळण तीन-चार किलोचंच टाकायचं. भाव घाऊक खरेदीचा मिळतो, पीठ दोन-अडीच आठवड्यांत संपणारं असतं. मला तरी हे एकच कारण पुरेसं वाटलं.

दुसरं कारण भाकरीचं. ज्वारीचं पीठ फार दिवस राहिलं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा चिरतात, मग गरम पाण्याने उकड काढून सावरावं लागतं. ज्यांच्याकडे रोज भाकरी होते त्यांना गिरणी तशीही सुटत नाही. भाजणी, चकलीचं पीठ, लाडवासाठी रवाळ दळलेले गहू, हेही गिरणीतूनच येतं. एक फेरी होणारच असेल, तर त्यात गव्हाचा डबा जड होत नाही.

पिशवीच्या पिठाचं श्रेय मात्र द्यायला हवं. त्याची कणीक बहुधा मऊ राहते. वेगवेगळ्या भागांतले गहू ठरावीक प्रमाणात मिसळलेले असल्याने वर्षभर पोळी साधारण एकसारखी होते. घरी पोळ्या आम्ही दोघं आलटूनपालटून करतो. गव्हावर आलो तेव्हा सुरुवातीला पाण्याचा अंदाज नव्याने बसवावा लागला, कणीक थोडी जास्त वेळ मुरवावी लागली. आता डब्यातली पोळी दुपारी मऊच असते. पण जो पहिल्यांदाच पोळ्या शिकतोय, त्याला पिशवीचं पीठ सोपं जातं. खडे निवडायचे नसतात, कोठी लागत नाही, गिरणीच्या वेळा सांभाळाव्या लागत नाहीत. सकाळी सातला बाहेर पडून रात्री नऊला परतणाऱ्या माणसाला हे सगळं पैशांहून मोठं वाटू शकतं, आणि त्यात काही चूक नाही.

गहू भरण्याची भीती बहुतेकांना किडीची असते. ती रास्त आहे, पण कोरडा गहू बराच काळ टिकतो. विकत घेताना दाणा दाताखाली धरावा. कट्‌ आवाज करून फुटला तर कोरडा, दबला तर दमट. दमट गहू कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर चादरीवर पसरून कडक ऊन दाखवावं, आणि मुख्य म्हणजे ऊन उतरल्यावर गहू पूर्ण गार झाल्याशिवाय कोठीत भरू नये. गरम गहू भरला की आत घाम धरतो आणि तिथूनच सोंडे-पोरकिड्यांची सुरुवात होते. आम्ही सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला मध्ये थर देऊन घालतो. कोठी पत्र्याची, खाली लाकडी पाट, भिंतीपासून वीतभर लांब. काही जण एरंडेलाचा हात फिरवतात, तेही चालतं. पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडर मी खाण्याच्या धान्यात घालत नाही. गोदामात वापरतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरात आणूच नयेत, कुणी फुकट दिल्या तरी. त्यांतून विषारी वायू निघतो आणि बंद फ्लॅटमध्ये तो जीव घेऊ शकतो.

एवढं करूनही भाद्रपदाच्या सुमारास चार सोंडे दिसले, तर गहू चाळून पुन्हा ऊन दाखवता येतं. पिठाला कीड लागली की असं सहज सावरता येत नाही.

जागा नसेल तर वर्षाचा हट्ट धरू नये. आमच्या घराला पाऊण क्विंटल पुरतो, पण तोही एकदम भरलाच पाहिजे असं नाही. ३० किलोचा कट्टा चार-पाच महिन्यांनी आणला तरी मोठ्या मापात घेऊन थोडं थोडं दळण्याचा मुद्दा तसाच राहतो. फक्त हंगामातला उतरता भाव काही अंशी हातचा जातो, कारण दिवाळीकडे गहू बहुधा चढतो. आणि पावसाळ्यात घेतलेल्या कट्ट्याला ऊन दाखवायला मिळत नाही, म्हणून तो दुकानातच नीट बघून घ्यावा लागतो.

गिरणीबद्दल थोडं. दळण टाकताना आधी काय दळलं जातंय ते विचारावं. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी हे बरेच गिरणीवाले स्वतःहून पाळतात, पण गर्दीत राहून जातं आणि डाळीच्या पिठावर आलेला आपला गहू पोळीत लगेच कळतो. बारीक हवं की मध्यम, ते सांगावं. पीठ गरम आलं तर घरी झाकण उघडं ठेवून गार होऊ द्यावं. ज्यांना ग्लुटेन अजिबात चालत नाही, त्यांच्या ज्वारी-नाचणीसाठी मात्र ही सामाईक गिरणी नको. तिथे घरघंटीच हवी. घरघंटीची किंमत काही हजारांत जाते, त्यामुळे फक्त बचतीसाठी ती घेण्यात मला अर्थ दिसत नाही. वीज मात्र ती फार खात नाही, एक हॉर्सपॉवरच्या मोटरला तासाला साधारण पाऊण युनिट लागतं. घरात रोज चार प्रकारची पिठं लागत असतील किंवा गिरणी फार लांब असेल, तर विचार करावा.

थोडक्यात कुणी काय घ्यावं असं विचारलंत तर, अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे, शिफ्टमध्ये काम करणारे, एकटे किंवा दोघंच आणि तेही अर्धा आठवडा बाहेर जेवणारे, यांनी पाच किलोची पिशवी घ्यावी. सवलत बघून दहाची घेऊ नये. पोळ्यांचा रोज डबा असणाऱ्या, एका जागी स्थिरावलेल्या आणि चालत जाण्याच्या अंतरावर गिरणी असलेल्या घराने मात्र गव्हाचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं. खपली किंवा बन्सी या खास गव्हांची ओढ असेल तर ती नंतर, खीर-पुरणपोळीपुरती थोडी घ्यावी. रोजच्या पोळीला लोकवन किंवा सिहोर पुरतात.

पहिल्याच वर्षी क्विंटल उचलू नका. दोन दुकानांतून दोन-दोन किलो नमुना आणा, वेगवेगळा दळून घ्या, आठवडाभर त्याच पोळ्या डब्यात द्या. दुपारी उघडल्यावर त्या कशा लागतात ते जेवणाऱ्यांना विचारा आणि मग पसंतीच्या दुकानात जाऊन कट्ट्याचा भाव करा, घरपोच हमालीसह.