ओपनकोअर: जुळवलेल्या संगणकावर मॅकओएस सुरू करून देणाऱ्या बूटलोडरचे परीक्षण

माझे काम ध्वनिसंपादनाचे आहे. मराठी श्राव्यपुस्तकांची कच्ची ध्वनिमुद्रणे माझ्याकडे येतात आणि ती ज्या लॉजिक प्रो या सॉफ्टवेअरमध्ये मी साफ करते, ते विंडोजवर चालत नाही. घरात मॅक मिनी एकच आहे आणि त्यावर दिवसभर ग्राहकांचे काम सुरू असते, त्यामुळे सरावासाठी आणि जुने प्रकल्प उघडून पाहण्यासाठी दुसरे यंत्र हवे होते. शेजारच्या टेबलावर सुटे भाग आणून जुळवलेला एक संगणक होताच: इंटेलचा कोअर आय५-१०४०० प्रोसेसर, बी४६० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. त्यात एक रिकामी एसएसडी बसवून मी मॅकओएस या ॲपलच्या कार्यप्रणालीची व्हेंचुरा ही आवृत्ती टाकायचे ठरवले आणि त्यासाठी ओपनकोअर हे मोफत, मुक्तस्रोत बूटलोडर वापरले. जवळजवळ तीन आठवड्यांच्या संध्याकाळी त्यात गेल्या. हे परीक्षण ओपनकोअरचे आहे, मॅकओएसचे नाही.

आधी परवान्याविषयी लिहिणे आवश्यक आहे. ॲपलच्या परवान्यानुसार मॅकओएस फक्त ॲपलच्या संगणकावर टाकता येते. जुळवलेल्या संगणकावर ते चालवणे, म्हणजे ज्याला सगळे हॅकिंटॉश म्हणतात ते, या कराराबाहेरचे आहे. अमेरिकेतील सायस्टार या कंपनीने २००८ साली अशी यंत्रे विकायला सुरुवात केली तेव्हा ॲपलने तिच्यावर दावा लावला आणि २००९ साली न्यायालयाने त्या विक्रीला कायमची मनाई केली. म्हणून ज्यांना या यंत्रावर धंदा उभा करायचा आहे त्यांनी हा मार्ग घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्राहकांचे काम मी आजही मॅक मिनीवरच करते.

ओपनकोअर नेमके काय करते हे समजले, तर पुढच्या अडचणींचा उगम समजतो. ॲपलने २००६ सालापासून मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर बसवायला सुरुवात केली, त्यामुळे मॅक आणि सर्वसाधारण पीसी यांच्यातील अंतर पुष्कळ कमी झाले, पण ते संपले नाही. मॅकमध्ये पंखे, तापमान, वीज सांभाळणारी एसएमसी नावाची चिप असते, ती पीसीत नसते. मॅकचे फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डावरच असलेले आणि संगणक चालू होताच सर्वात आधी चालणारे सॉफ्टवेअर, मॅकओएसला हवी तशी माहिती पुरवते, तर पीसीचे फर्मवेअर विंडोज डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते. ओपनकोअर फर्मवेअर आणि मॅकओएस यांच्या मध्ये उभे राहते. संगणक चालू झाला की ते फर्मवेअरच्या तक्त्यांत हव्या त्या दुरुस्त्या करते, व्हर्च्युअलएसएमसी, लिलू, व्हॉटेव्हरग्रीन यांसारखी केक्स्ट, म्हणजे मॅकओएसची ड्रायव्हरसदृश जोडपत्रे, थेट मेमरीत चढवते आणि मग ॲपलच्या स्वतःच्या बूट फाइलकडे सूत्रे सोपवते. एसएसडीवरच्या मॅकओएसच्या मूळ फाइलींना ते हात लावत नाही. ॲसिडँथेरा या गटाने २०१९ साली ते लोकांसमोर आणले, आणि त्यापूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या क्लोव्हर या बूटलोडरची जागा त्याने बहुतांशी घेतली. माझ्या मते त्याचे मुख्य कारण मूळ फाइलींना हात न लावण्याची हीच शिस्त आहे.

येथे ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ म्हणत पुढे जाता येईल असा इन्स्टॉलर नाही. पेनड्राइव्हवर ईएफआय नावाचा एक फोल्डर आणि त्यात कॉन्फिग.पीलिस्ट ही एक फाइल, एवढाच पसारा. पण त्या एका फाइलीत शेकडो नोंदी असतात आणि त्यातील प्रत्येक नोंद आपल्या मदरबोर्डाशी व प्रोसेसरशी जुळावी लागते. डॉर्टानिया या गटाने लिहिलेली मार्गदर्शिका प्रोसेसरच्या पिढीनुसार मांडलेली आहे आणि प्रत्येक नोंद चालू किंवा बंद का ठेवायची हे ती सांगते. मॅकओएसची प्रत मिळवण्यासाठीही कोठे शोधाशोध करावी लागत नाही. ओपनकोअरसोबतच येणारी मॅकरिकव्हरी ही छोटी आज्ञावली ॲपलच्याच सर्व्हरवरून रिकव्हरीची फाइल उतरवते आणि उरलेली मोठी फाइल इन्स्टॉल करताना इंटरनेटवरून येते. कोणी तयार करून ठेवलेल्या अनोळखी प्रती वापरण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सुरक्षित आहे.

माझी पहिली चूक मात्र अगदी आरंभीच झाली. मार्गदर्शिका लांबलचक वाटली म्हणून मी दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकासाठी बनवलेला तयार ईएफआय फोल्डर उतरवून घेतला. तो झेड३९० चिपसेटसाठी होता, माझा बोर्ड बी४६० चा, आणि दोन्ही इंटेलचेच असल्याने चालून जाईल असे मी गृहीत धरले. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला, ओळी भराभर वर सरकल्या आणि ‘ईबी लॉग एक्झिटबीएस स्टार्ट’ या ओळीवर सगळे थांबले. दहा मिनिटे वाट पाहिली तरी कर्सरदेखील हलला नाही.

हा थांबा या क्षेत्रात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि तो नेमका कोठे येतो हे कळल्याशिवाय त्याची दुरुस्ती होत नाही. त्या क्षणापर्यंत संगणक फर्मवेअरच्या ताब्यात असतो. ॲपलची बूट फाइल फर्मवेअरला ‘आता तुझ्या सेवा थांबव’ असे सांगते, मेमरीचा नकाशा कर्नलकडे, म्हणजे मॅकओएसच्या गाभ्याकडे, देते आणि कर्नल जागा होतो. तो नकाशा कर्नलला अपेक्षित नसलेल्या रूपात हाती आला तर कर्नल उठतच नाही, आणि जो उठलाच नाही तो पडद्यावर चूक तरी काय लिहिणार? म्हणून शेवटची ओळ फर्मवेअरच्या बाजूचीच राहते. ओपनकोअरच्या फाइलीत ‘बूटर’ विभागातील डीव्हर्च्युअलाइझएमएमआयओ, रीबिल्डॲपलमेमरीमॅप, सेटअपव्हर्च्युअलमॅप या नोंदी याच नकाशाशी संबंधित आहेत आणि फर्मवेअरनुसार त्या चालू किंवा बंद ठेवाव्या लागतात. तयार फोल्डरात सेटअपव्हर्च्युअलमॅप चालू होते. माझ्या बोर्डाला ते बंद हवे होते.

मी तो फोल्डर पुसून टाकला आणि मार्गदर्शिकेनुसार पहिल्यापासून सुरुवात केली. बायोसमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये, सीएसएम (जुन्या पद्धतीने संगणक सुरू करण्याची सोय), सिक्युअर बूट आणि फास्ट बूट बंद केले, ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ चालू केले, आणि ओपनकोअरची डीबग आवृत्ती घेतली, जी प्रत्येक पाऊल पडद्यावर दाखवते व पेनड्राइव्हवर लॉगच्या फाइलीतही लिहून ठेवते. या वेळी कर्नल उठला, पण थोडे पुढे जाऊन ‘पीसीआय कॉन्फिगरेशन बिगिन’ पाशी अडला. त्याचे कारण घड्याळ. नव्या बोर्डांमध्ये जुन्या आरटीसी घड्याळाऐवजी एडब्ल्यूएसी नावाचे घड्याळ पुढे केलेले असते आणि मॅकओएसला ते ओळखता येत नाही. एसएसडीटी-एडब्ल्यूएसी ही काही ओळींची छोटी फाइल जोडली की बोर्ड जुने घड्याळ पुन्हा पुढे करतो. मी फाइल फोल्डरात ठेवली होती, पण कॉन्फिग.पीलिस्टमध्ये तिची नोंद केली नव्हती. फोल्डरात आहे आणि यादीत नाही, तर ओपनकोअरच्या लेखी ती नाहीच. हा काटेकोरपणा सुरुवातीला जाचक वाटतो, पण चूक शोधताना तोच उपयोगी पडतो, कारण जे यादीत आहे तेवढेच घडलेले असते.

त्यापुढचा थांबा आडव्या रेघेच्या वर्तुळाचा, म्हणजे प्रवेश निषिद्धच्या खुणेचा होता, आणि मागे ‘स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ ही ओळ पुन्हा पुन्हा उमटत होती. याचा अर्थ कर्नल उठला, पण ज्या पेनड्राइव्हवरून तो आला तोच आता त्याला दिसत नाही. मॅकओएस एका यूएसबी कंट्रोलरवर जास्तीत जास्त १५ पोर्ट मानते, आणि प्रत्येक निळा यूएसबी ३ पोर्ट तेथे दोन म्हणून मोजला जातो, एक जुन्या वेगाचा आणि एक नव्या वेगाचा. माझ्या कॅबिनेटला मागे चार निळे आणि दोन काळे, पुढे दोन निळे आणि दोन काळे पोर्ट आहेत. हिशेब केला तर ८, २, ४ आणि २ मिळून १६ होतात. माझा पेनड्राइव्ह मागच्या निळ्या पोर्टात होता. तो मागच्याच काळ्या पोर्टात लावला आणि खूण नाहीशी झाली.

कायमचा उपाय म्हणजे पोर्टांची यादी स्वतः तयार करणे. विंडोजवर चालणारे यूएसबीटूलबॉक्स उघडून प्रत्येक पोर्टात आधी यूएसबी ३ चा पेनड्राइव्ह आणि मग जुना माउस लावायचा, पडद्यावर कोणता क्रमांक उजळतो ते पाहायचे आणि लिहून घ्यायचे. मी कॅबिनेटच्या मागे टॉर्च धरून, कागदावर पोर्टांचे चित्र काढून हे केले. अर्धा तास लागला. पुढचा एक काळा पोर्ट यादीतून वगळला, १५ पूर्ण झाले, आणि त्याचा आणखी एक परिणाम असा झाला की संगणक झोपवल्यावर लगेच आपोआप जागा होण्याची खोडही थांबली. हे काम पुढे ढकलण्याची सवय अनेकांना असते. माझा सल्ला असा की ते पहिल्याच दिवशी उरकून घ्यावे.

इन्स्टॉल करताना डिस्क युटिलिटीत ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडून एपीएफएस ही फाइलींची रचना आणि जीयूआयडी ही विभागणीची पद्धत निवडून संपूर्ण एसएसडी पुसावी लागते. केवळ आतला विभाग पुसला तर अडचण येते. त्यानंतर संगणक तीनदा आपोआप पुन्हा सुरू झाला, आणि प्रत्येक वेळी ओपनकोअरच्या यादीतून ‘मॅकओएस इन्स्टॉलर’ निवडावे लागले. शेवटच्या खेपेला ओळी संपल्या आणि पडदा काळा झाला, तरी एसएसडीचा दिवा लुकलुकत होता. म्हणजे यंत्र चालू होते, फक्त चित्र येत नव्हते. यूएचडी ६३० या अंगभूत ग्राफिक्सच्या जोडण्या मॅकओएस डिस्प्लेपोर्ट समजून चालते आणि माझा मॉनिटर एचडीएमआयवर होता. डिस्प्लेपोर्टची केबल लावताच भाषा निवडण्याचा पडदा समोर आला. नंतर फाइलीत त्या जोडणीचा प्रकार बदलून एचडीएमआयही सुरू करून घेतले.

बाकीच्या गोष्टी सरळ झाल्या. ॲपलएएलसी या केक्स्टला ध्वनीच्या जोडण्यांचा दुसरा लेआउट क्रमांक देऊन पाहताच आवाज सुरू झाला, इंटेलमॉसी या केक्स्टमुळे इथरनेट पहिल्याच प्रयत्नात चालले. वायफायची मला गरज नव्हती.

ओपनकोअर हे सर्व करते, तरी जे ड्रायव्हर मॅकओएसमध्येच नाहीत ते त्याला निर्माण करता येत नाहीत, आणि नवा संगणक जुळवणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. एनव्हिडियाची आजची कार्डे मॅकओएसवर चालत नाहीत. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचे अंगभूत ग्राफिक्सही चालत नाही, तेथे एएमडीचे कार्ड लागते. एएमडीच्या कार्डांत आरएक्स ५८० किंवा आरएक्स ६६०० चालतात, पण मधले दिसणारे प्रत्येक मॉडेल चालेलच असे नाही. आरएक्स ६५०० एक्सटी हे त्याचे उदाहरण आहे.

उणिवा सांगायच्या तर ओपनकोअरची नवी आवृत्ती घेतली की कॉन्फिग.पीलिस्टची रचना तिच्याशी जुळवून घ्यावी लागते, आणि एखादी नोंद जुनी राहिली तर संगणक सुरूच होत नाही. सोबत येणारे ओसीव्हॅलिडेट ही तफावत आधीच दाखवते, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. मार्गदर्शिका आणि सोबतचे माहितीपत्रक दोन्ही इंग्रजीत आहेत आणि माहितीपत्रकाची भाषा जड आहे. ज्यांना सोमवारी सकाळी यंत्र कामाला हवे आहे त्यांच्यासाठी हे साधन नाही. ज्यांना आपला संगणक चालू होताना आत काय घडते हे समजून घ्यायचे आहे, ओळ वाचून कारण शोधण्याची चिकाटी आहे आणि घरात वापरण्यासारखे सुटे भाग आहेत, त्यांच्यासाठी याहून चांगले साधन मी पाहिलेले नाही.

मुदतीचाही विचार करावा. ॲपलने २०२० साली स्वतःच्या प्रोसेसरकडे वळण्यास सुरुवात केली आणि २०२५ साली जाहीर केले की मॅकओएस २६ ताहो ही इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती असेल. त्यापुढच्या आवृत्त्या इंटेलसाठी नसल्याने ओपनकोअरला त्या पीसीवर आणता येणार नाहीत. या कामासाठी आज नवे सुटे भाग विकत घेऊ नयेत, घरात असतील तर वापरावेत. मी स्वतः व्हेंचुरावरच थांबले आहे. चालत असलेल्या ईएफआय फोल्डरची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन, पोर्टांच्या चित्राच्या त्या कागदासह, कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवली आहे.